डोकं खाली ठेव म्हणे! – कडोदऱ्यातले पाच दिवस

कडोदरा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असणार, पण तिथे मुद्दाम उतरलेलं सहसा कोणी नसेल. मुंबईहून अहमदाबादला निघालेली ट्रॅव्हल्सची बस पहाटे कधीतरी एका चार रस्त्यावर थांबते, क्लीनर दारावर थाप मारत "सुरतवाले, चला उतरा" असं ओरडतो, चहाचा आणि डिझेलचा वास एकदमच आत येतो, आणि आपण कूस बदलून परत झोपतो. तेच कडोदरा. सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यातलं गाव. जुना आठ नंबरचा, म्हणजे आताचा अठ्ठेचाळीस नंबरचा हायवे आणि सुरतेहून बारडोलीमार्गे धुळ्याकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात.

माझे काका इथे राहतात. अमळनेरचा माणूस कडोदऱ्यात कसा, हा प्रश्न खानदेशातल्या कोणाला पडणार नाही. सुरत-भुसावळ रेल्वे, जुनी माणसं जिला अजून ताप्ती व्हॅली म्हणतात, तिने गेली कित्येक वर्षं आपली माणसं सुरतेच्या कापडधंद्यात आणून सोडली आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत तर तुम्ही मराठीतच भाजी घेऊ शकता. काका शेजारच्या चलथाण स्टेशनवर एक ट्रंक घेऊन उतरले, कापड रंगवणाऱ्या एका मिलमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि डाईंग मास्टर होऊन रिटायर झाले. गार्डन वरेली साड्यांची जाहिरात आईच्या पिढीला पाठ असते. ती वरेली म्हणजे कडोदऱ्याला लागून असलेलं गाव, हे मला काकांकडे जायला लागल्यावर कळलं. आणखी एक गंमत: पलसाणा तालुका संस्थानी काळात बडोद्याच्या गायकवाडांकडे होता, नवसारी प्रांतात. म्हणजे काका मराठी राज्यातून निघून जुन्या मराठी राज्यातच आले, असं दादा म्हणतो. काकांना हा विनोद आवडत नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही सगळे तिकडे गेलो. दादा, वहिनी, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी आणि मी. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो, आणि त्या राज्यात गोल्फ टाळता येत नाही. पाइनहर्स्ट आमच्यापासून जेमतेम दीड तासावर. तिथला नंबर टू कोर्स डोनाल्ड रॉसने आखला आणि १९०७ साली तो खेळायला खुला झाला. २०२४ची यूएस ओपनही तिथेच झाली. भाची शाळेच्या टीममध्ये आहे. टीममध्ये आहे म्हणजे होती, असंच ती प्रवासात म्हणत होती. मुलींचा सीझन शरद ऋतूत संपतो, आणि तो फार वाईट संपला होता. "आत्या, आय ॲम जस्ट नॉट ॲथलेटिक," हे वाक्य मी दोहा विमानतळावर एकदा आणि वापीच्या टोलनाक्यावर एकदा ऐकलं. पंधरा वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दल असं काही ठरवून टाकलं की ते फक्त गोल्फपुरतं राहत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणी "माझं गणित कच्चंच आहे" हे असंच कोणाकडून तरी ऐकून आयुष्यभर सांगत आल्या आहेत.

तिने बरोबर एकच क्लब आणला होता, सात नंबरचं आयर्न. तोही वहिनीने बॅगेत कोंबला म्हणून.

काकांनी क्लब हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो मैदान केवढं असतं. अठरा होलचं पूर्ण मैदान म्हटलं तर सव्वाशे-दीडशे एकर, असं दादाने सांगितलं. काकांनी मनातल्या मनात उसाचा हिशोब केला असणार. चलथाणचा साखर कारखाना जवळच आहे, डिसेंबरात गाळप जोरात असतं, आणि संध्याकाळी वारा फिरला की गावभर मळीचा गोडसर, थोडा आंबूस वास पसरतो. दीडशे एकरांत किती टन ऊस निघेल ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. "मग मारून दाखव," एवढंच म्हणाले.

त्यांच्या रो-हाउसच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, दक्षिण गुजरातच्या काळ्या मातीचा. तिथे दोन बांबूंमध्ये काकांनी ग्रे कापडाचे ताके दुपदरी लटकवले. सुरतेत ग्रे म्हणजे करडा रंग नव्हे. लूमवरून उतरलेलं, अजून न धुतलेलं, न रंगवलेलं कापड. ते सैल सोडलं की गोल्फचा चेंडू त्यात जाऊन धडकतो आणि मेल्यासारखा खाली पडतो. जाळीपेक्षा छान.

भाचीने दहा चेंडू मारले. चार जमिनीवरून सरपटत गेले, म्हणजे गोल्फच्या भाषेत टॉप झाले. तीन कापडाच्या उजव्या कडेला लागले. दोन वेळा क्लब चेंडूच्या मागे जमिनीत घुसला. एक बरा गेला. आणि जवळपास प्रत्येक शॉटनंतर दादा म्हणाला, "डोकं वर केलंस बघ!"

गोल्फ खेळणाऱ्या घरात हे वाक्य देवघरातल्या घंटेसारखं वाजत असतं. शॉट बिघडला की कारण एकच. तिला शिकवणारे तेच म्हणाले, टीममधल्या मैत्रिणींचे वडील तेच म्हणाले, यूट्यूबवर अर्धे लोक तेच म्हणतात. वर आणखी दोन-तीन कारणं तोंडी लावायला: ताकद कमी पडते, डावा हात वाकतो, चेंडू उजवीकडे जातो तर नेम जरा डावीकडे धर. मी सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे रात्री दोन वाजता सिस्टिम बंद पडली की कॉलवरचा पहिला माणूस "नेटवर्क असेल" म्हणतो, कारण ते नेहमीच म्हणता येतं आणि त्यात कोणाचं नाव येत नाही. लॉग उघडून पाहिल्यावर बहुतेक वेळा भलतंच निघतं. गोल्फमधलं डोकं हे तसलंच नेटवर्क आहे, फक्त इथे नाव येतं. खेळणाऱ्याचं.

एक साधी गोष्ट बघा. क्लब आणि चेंडू एकमेकांना लागलेले असतात तो वेळ साधारण अर्धा मिलिसेकंद. एका सेकंदाचे दोन हजार तुकडे केले तर त्यातला एक. तेवढ्यात क्लब जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. चेंडू निघून गेल्यावर डोकं वर आलं तर चेंडूला त्याचा पत्ताही नसतो. मग प्रश्न राहतो तो आधीचा, आणि तिथे ॲनिका सोरेनस्टॅमचा स्विंग पाहावा. चेंडूला क्लब लागायच्या सुमारासच तिचं डोकं लक्ष्याकडे वळायला लागलेलं असतं. तिच्या नावावर दहा मेजर आणि एलपीजीएच्या ७२ स्पर्धा आहेत. १९९९ मध्ये जगात पहिल्या नंबरवर पोचलेल्या डेव्हिड ड्युव्हलचंही तसंच. २००१ची ब्रिटिश ओपन त्याने त्याच स्विंगने जिंकली.

डाव्या हाताचंही तेच. कॅल्विन पीटचं कोपर लहानपणी मोडलं होतं, त्याला डावा हात पूर्ण सरळ करताच येत नसे. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर ड्रायव्हरने सर्वांत अचूक मारणारा खेळाडू म्हणून तो सलग दहा वर्षं, १९८१ ते १९९०, पहिला होता. वाकड्या डाव्या हाताच्या एड फर्गोलने १९५४ची यूएस ओपन जिंकली होती. हात सरळ ठेवू नये असं मी म्हणत नाही. पण बिघडलेल्या शॉटचं कारण तेच, असं न पाहता सांगता येत नाही.

हे सगळं मी संध्याकाळी चहाला दादाला ऐकवत होते. काका मध्येच म्हणाले, "अगं, पण कपडा काय सांगतो?"

मिलमध्ये त्यांचं आयुष्य याच प्रश्नात गेलं. पॉलिएस्टर रंगवतात तेव्हा जेट मशीनमध्ये दाबाखाली पाणी साधारण १३० अंशांपर्यंत तापवतात, आणि ते किंचित आम्लधर्मी ठेवावं लागतं. शेड बिघडण्याची कारणं पन्नास असू शकतात: रंग तोलण्यात, पाण्यात, तापमान चढवण्याच्या वेगात, कापड आधी नीट न धुण्यात. पण नमुन्याशी जुळवताना "फेर छे" एवढं कोणी म्हटलं की सगळे आधी कलर रूमकडे बघतात, रंग तोलणाऱ्या पोऱ्याकडे. काकांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या उमेदवारीच्या काळात एका मिलमध्ये मरून रंगाचे लॉट लागोपाठ फिके यायला लागले. तोलणारा मुलगा नंदुरबारकडचा, सतरा-अठरा वर्षांचा. पहिल्या लॉटला त्याला शिव्या बसल्या, दुसऱ्याला पगार कापला. तिसऱ्या वेळी त्याने घाबरून प्रत्येक पुडी दोनदा तोलली, तरी शेड फिकीच. वरून रंग वाढवला तर भलतीच छटा यायला लागली. शेवटी कोणीतरी पाण्यात पीएचचा कागद बुडवून पाहिला. बोअरचं पाणी बदललं होतं, त्यातला क्षार वाढला होता, आणि नेहमीचं ॲसिड त्याला पुरत नव्हतं. ॲसिड वाढवलं, शेड आली. तोवर मुलगा गावी निघून गेला होता.

"परत आला?" भाचीने विचारलं.

"नाही आला."

ती बराच वेळ काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगणात रांगोळी काढत होत्या. काकांनी त्यांच्याकडून चिमूटभर नव्हे, चांगला वाटीभर पांढरा भुगा मागून घेतला आणि प्लॉटवर काळ्या मातीत एक सरळ रेघ ओढली, साताठ फुटांची. काकूंना वाटलं हे काही शांती-बिंती करतायत. भाचीला सांगितलं, चेंडू नको, तू फक्त त्या रेघेवर उभी राहून क्लब फिरव. रेघ तुझ्या दोन पायांच्या बरोबर मधोमध. एक झालं की एक पाऊल पुढे सरक, परत फिरव.

गोल्फ शिकवणारे ही युक्ती वापरतात. काकांना ती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना फक्त क्लब जमिनीला कुठे लागतो ते पाहायचं होतं. दहा वेळा फिरवल्यावर मातीत दहा खरडे पडले होते. पांढऱ्या रेघेच्या मागे, तिच्या उजव्या पायाच्या बाजूला, एखाद-दुसरा सोडला तर सगळे एका वितीच्या आत. इतके सारखे की दादासुद्धा गप्प झाला.

इथे थोडं गोल्फ सांगायला हवं. क्लब वर्तुळात फिरतो, आणि त्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू कुठे येतो यावर आयर्नच्या शॉटचं बरंचसं नशीब ठरतं. तो चेंडूच्या थोडा पुढे हवा. म्हणजे क्लब खाली येता येता आधी चेंडूला लागतो, मग जमिनीला. चांगल्या खेळाडूने मारल्यावर गवताचा तुकडा निघतो तो चेंडू होता त्या जागेच्या पुढचा. व्यावसायिक पुरुष खेळाडूंचं सात नंबरचं आयर्न चेंडूला लागताना जवळपास चार अंशांनी खाली येत असतं. नवशिक्याला हे पटत नाही, कारण चेंडू वर जायला हवा तर त्याला खालून उचलायला नको का? तर नको. वर नेण्याचं काम क्लबच्या फेसला दिलेला उतार करतो, सात नंबरला तो तीस अंशांच्या आसपास असतो. सगळ्यांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे गेला की दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर क्लब आधी जमिनीत घुसतो, नाहीतर जमिनीला लागून-न लागून वर चढू लागतो आणि चेंडूच्या पोटाला किंवा डोक्याला लागतो. चेंडूचा व्यास ४३ मिलिमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे बोटभर फरकाने शॉट सरपटतो. भाचीचे सरपटणारे चार आणि जमिनीत घुसलेले दोन, दिसायला अगदी वेगळे असलेले हे सहा शॉट, एकाच दोषाचे होते.

मग खालचा बिंदू मागे का जात होता? काकांनी तिला सावकाश फिरवायला सांगितलं आणि फोनवर व्हिडिओ काढला. तो पाहताना वहिनी म्हणाली, "अगं, ही हललीच नाही." डोकं हलू द्यायचं नाही, खाली ठेवायचं, चेंडूवर नजर खिळवून ठेवायची, हे दीड वर्ष ऐकून तिने डोकं इतकं घट्ट धरलं होतं की छाती लक्ष्याकडे वळतच नव्हती. वजन मागच्या, म्हणजे उजव्या पायावरच राहत होतं. शरीर मागे म्हणून वर्तुळाचा तळही मागे. शॉट सरपटला की सल्ला यायचा, डोकं खाली ठेव. ती आणखी घट्ट धरायची, आणि पुढचा शॉट आणखी मागून. काकांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि फोन दादाकडे दिला. "हा तर मरूनमध्ये रंग टाकत बसला," एवढं म्हणाले.

दादाला त्या दिवशी जेवण जरा उशिरा गेलं.

उजवीकडे जाणाऱ्या चेंडूंसाठी काकूंचा टाल्कम पावडरचा डबा आला. क्लबच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट भागावर, हलकी पावडर मारायची आणि शॉट मारायचा. चेंडू जिथे लागला तिथे गोल डाग उमटतो. तिचे डाग फेसच्या बाहेरच्या टोकाकडे आणि खाली. चेंडू तिथे लागला की क्लब हातात वळतो, अंतर जातं, दिशाही डळमळते. ताकद कमी पडते असं जे तिला सांगितलं जात होतं त्याचं उत्तर या डागांतच होतं. महिला व्यावसायिकांचा ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे, आणि सरासरी हौशी पुरुषाचाही जवळजवळ तेवढाच. तरी त्या पुरुषापेक्षा त्या बऱ्याच लांब मारतात, कारण त्यांचा चेंडू फेसच्या मधोमध लागतो. पुढच्या वेळी आपल्या मंडळाच्या गोल्फ आउटिंगला कोणी मुलींना "जोर लाव जोर" म्हणाला तर त्याला आधी त्याचा पावडरचा डाग दाखवायला सांगा.

दिशेबद्दलचा समज मात्र फक्त घरगुती नाही, तो पुस्तकांतही होता. वर्षानुवर्षं असं शिकवत आले की चेंडू निघतो स्विंगच्या दिशेने आणि नंतर वळतो क्लबचा फेस जिकडे बघतो तिकडे. भौतिकशास्त्रवाले याच्या उलट सांगत होते. कॉक्रन आणि स्टॉब्ज यांचं इंग्लंडमधल्या प्रयोगांवरचं पुस्तक १९६८चं आहे, थिओडोर यॉर्गेनसेनचं १९९४चं. पण मैदानावरच्या माणसाला ते पटलं, रडारने क्लब आणि चेंडू दोन्ही मोजायला लागल्यावर. चेंडू निघतो तो मुख्यतः फेस बघतो तिकडे. आयर्नमध्ये दिशेचा साधारण तीन चतुर्थांश वाटा फेसचा, ड्रायव्हरमध्ये त्याहून जास्त. आणि तो हवेत वळतो ते फेस आणि स्विंगची दिशा यांच्यात फरक असतो म्हणून. आता उजवीकडे वळणाऱ्या चेंडूवर 'नेम डावीकडे धर' हा उपाय करून बघा. माणूस डावीकडे उभा राहतो, स्विंग आणखी डावीकडे जातो, पण फेस बिचारा लक्ष्याकडेच राहतो. दोघांतला फरक वाढतो आणि चेंडू आणखी जोरात उजवीकडे वळतो. मग तो माणूस आणखी डावीकडे उभा राहतो. आमच्याकडच्या रेंजवर काही मंडळी नेम पार्किंगवर धरतात, ती याच वाटेने तिथवर पोचलेली असतात.

पुढचे दोन दिवस तिने चेंडू फार कमी मारले. रेघ, पावडर, रेघ. काकांनी तिला एकच गोष्ट बदलायला सांगितली होती: शॉट संपताना छाती कापडाकडे आणि सगळं वजन डाव्या पायावर. डोक्याचा उल्लेखच बंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही मिलची शिस्त. दोन बदलल्या आणि शेड आली तर कोणामुळे आली ते कळत नाही. खरडे हळूहळू रेघेवर आले, मग काही रेघेच्या पुढे. सगळे नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दहातले सहा पुढे होते, आणि त्या सहांपैकी एकही चेंडू सरपटला नसता.

शेजारची मुलं एव्हाना रोज जमू लागली होती. त्यातल्या एका ओडिया मुलाने पहिल्याच प्रयत्नात मातीचा तुकडा रेघेच्या पुढचा काढला. त्याला कोणी काहीच सांगितलं नव्हतं ना.

कापडात चेंडू मारून तो उडतो कसा हे कळत नाही, म्हणून चौथ्या दिवशी बडोद्याला गेलो. कडोदऱ्याहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. अंकलेश्वर गेलं की भरूचला नर्मदा लागते. तिच्यावरचा तारांनी तोललेला नवा पूल २०१७ मध्ये सुरू झाला, आणि तिथला तो कुप्रसिद्ध ट्रॅफिक जाम तेव्हा बराच कमी झाला. लक्ष्मी विलास राजवाडा १८९० साली पूर्ण झाला, सयाजीराव महाराजांच्या काळात. चार्ल्स मँटने त्याचा आराखडा केला आणि रॉबर्ट चिझमने तो पुरा केला. महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, १८७५ मध्ये दत्तक गेले. मालेगावजवळचा एक शेतकऱ्याचा मुलगा इथे येतो आणि हे सगळं उभं करतो, हे काकांना दर वेळी नव्याने सांगावंसं वाटतं, आणि दर वेळी ते सांगतातच.

राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान आहे हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. प्रतापसिंहराव महाराजांच्या काळात ते युरोपियन पाहुण्यांसाठी आखलं होतं; पुढे समरजितसिंहांनी त्याला नव्याने उभं केलं. गायकवाड बडोदा गोल्फ क्लब. आपल्या गावांतही गोल्फच्या खुणा आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे तसं बघत नाही. नाशिककर ज्याला बिनदिक्कत गोल्फ क्लब मैदान म्हणतात तिथे आता सकाळी लोक चालायला येतात आणि मुलं क्रिकेट खेळतात. पुण्याच्या येरवड्यात मात्र खेळ चालू आहे. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. तिथे दुसरा भारतीय होता अनिर्बन लाहिरी, आणि तोही जन्माने पुणेकर.

ओळखीतून आम्हाला सकाळचा थोडा वेळ मिळाला होता. मोर फिरत होते, राजवाड्याचा मनोरा झाडांवरून डोकावत होता. भाचीने पहिला शॉट मारला तो उडाला, नीट उडाला, थोडा उजवीकडे. दुसरा जमिनीवरून सरपटत गेला. दादाचं तोंड उघडलं. सवयच ती. "डो..." एवढं निघालं आणि वहिनीने त्याच्याकडे पाहिलं.

भाची मात्र आमच्याकडे बघतच नव्हती. ती खाली वाकून गवत पाहत होती, खरडा कुठे पडलाय ते. मग बोटाने जागा दाखवून स्वतःशीच म्हणाली, "मागे." पुढचा चेंडू ठेवला. त्या सकाळी तिने पंचवीसेक शॉट मारले असतील. तेरा-चौदा चांगले, चार-पाच अगदी भिकार, बाकीचे मधले. प्रत्येक भिकार शॉटनंतर ती खाली बघायची, एक शब्द म्हणायची आणि पुढे जायची. नॉट ॲथलेटिक वगैरे काही मी ऐकलं नाही. काका सावलीत खुर्चीवर बसून होते. त्यांनी तिथल्या माळ्याला विचारून घेतलं की गवताला पाणी कुठलं देता आणि त्याचा पीएच कधी बघता का.

ऑगस्टमध्ये टीमची निवड आहे. जाणार की नाही ते तिने अजून सांगितलेलं नाही, आणि आम्हीही विचारत नाही. पण येताना काकूंनी तिच्या बॅगेत पांढऱ्या रांगोळीची किलोभराची पिशवी घातली. कस्टम्सला ती दोनदा उघडून पाहिली गेली, आणि हे काय आहे ते दादाला बराच वेळ समजावून सांगावं लागलं. आता आमच्या मागच्या अंगणात, जिथे गवत कधी नीट उगवलंच नाही, तिथे रोज संध्याकाळी एक रेघ असते. नॉर्थ कॅरोलिनाची माती लाल आहे. तिच्यावरही रांगोळी छान उठून दिसते. खरड्यांचे फोटो ती कडोदऱ्याला पाठवते, आणि तिकडून सकाळी उत्तर येतं, बहुतेक वेळा दोनच शब्दांचं: "फेर छे." कधीमधी नुसता अंगठा.